नेटवर्क गेल्यावरचा निरोप

मोबाइलचे नेटवर्क सहसा एका झटक्यात जात नाही, टप्प्याटप्प्याने जाते. आधी वीज जाते. टॉवर आपल्या बॅटऱ्यांवर काही तास चालत राहतो. त्यानंतर जनित्र सुरू होते, पण त्याला डिझेल लागते आणि डिझेल आणणाऱ्या गाडीला रस्ता लागतो. रस्त्यावर गुडघाभर पाणी असेल तर टॉवर उभा असूनही मुका होतो. दरम्यान जमिनीखालची फायबर केबल एखाद्या नाल्याच्या काठी खचली, तर फोनवर काड्या भरलेल्या दिसतात, पण कॉल लागत नाही. आणि हे सगळे घडण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या अर्ध्या तासातच, सगळे एकदम फोन लावू लागल्यामुळे जाळे तुंबते. ही उतरण ज्याला ठाऊक असते, त्याला प्रत्येक पायरीवर थोडा अवधी मिळतो. त्या अवधीत काय करायचे, एवढाच खरा प्रश्न आहे.

वसई तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या कळंबसारख्या गावाला हा प्रश्न नवा नाही. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, १० जुलैला वसई रोड ते विरार लोकल बंद पडली, वसई-विरारच्या मोठ्या भागातली वीज गेली आणि वीज गेल्यावर फोनही एकेक करून मान टाकू लागले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्यासमोरून गुजरातकडे सरकले. त्याने इथे जमीन गाठली नाही, तरी झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले. वादळ खरोखर किनाऱ्यावर चढले तर काय होते, ते रायगडने वर्षभर आधी पाहिले होते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांतली कित्येक गावे अनेक दिवस विजेविना आणि फोनविना राहिली. गावात काय झाले हे मुंबईतल्या नातेवाइकांना प्रत्यक्ष गेलेल्या माणसाकडूनच कळत होते. पुणे जिल्ह्यातल्या माळीणचे उदाहरण तर याहून कठोर आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरड कोसळून गाव गाडले गेले, आणि ती बातमी बाहेर पोहोचायला नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर नसल्याचे दिसावे लागले.

कळंबची अडचण आणखी एका कारणाने वेगळी आहे. आपत्तीच्या दिवशी इथले कुटुंब एका जागी नसते. कोणी अंधेरीला कामावर, कोणी वसईच्या कॉलेजात, कोणी होडीवर, आणि म्हातारी माणसे घरी. या सगळ्यांना जोडणारा दोरा म्हणजे पश्चिम रेल्वे आणि नालासोपारा स्टेशनहून गावाकडे येणारा रस्ता. मुसळधार पावसात आधी हाच दोरा तुटतो. त्यामुळे संपर्काची तयारी म्हणजे यंत्रे विकत घेणे असा समज असला, तरी तयारीचा मोठा भाग विनाखर्चाचा आहे आणि तो कोरड्या दिवसांतच उरकावा लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे बाहेरगावचा एक माणूस ठरवणे. तो नाशिक, पुणे, कोल्हापूर, कुठलाही चालेल, पण वसई आणि मुंबई या दोन्हींपासून दूर हवा. तुंबलेल्या भागातल्या भागात फोन लागणे जिकिरीचे असते. बाहेर जाणारा एक छोटा संदेश मात्र बऱ्याचदा निघून जातो. अंधेरीत अडकलेला मुलगा आणि कळंबमधली आई एकमेकांना दहा-दहा वेळा फोन लावत बसले, तर दोघांच्याही बॅटऱ्या संपतात. त्याऐवजी दोघांनी नाशिकच्या मावशीला एकेक ओळ पाठवली, तर मावशीच्या वहीत सगळे घर जमा होते. मावशीचा क्रमांक प्रत्येकाला पाठ हवा, किंवा पाकिटात कागदावर लिहिलेला हवा. फोन बंद पडला की त्यातली यादीही बंद पडते, हे पुष्कळांच्या उशिरा ध्यानात येते.

दुसरी गोष्ट ठरलेली वेळ. फोन दिवसभर चालू ठेवून सिग्नल शोधत राहिला, तर नेहमीपेक्षा लवकर उतरतो, कारण टॉवर दूर किंवा बंद असला की फोन अधिक जोर लावून त्याला हाका मारत असतो. म्हणून सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात अशा तीन वेळा ठरवाव्यात. त्या वेळी फोन दहा मिनिटे चालू करावा, निरोप पाठवावा, आलेले वाचावेत, आणि पुन्हा बंद करावा. एकाच वेळी दोन्ही टोके जागी असणे, ही या तिन्ही वेळांमागची साधी युक्ती आहे.

तिसरी गोष्ट जागा. घर सोडावे लागले तर कुठे भेटायचे, हे ठरलेले असावे, आणि अशा जागा दोन असाव्यात. एक गावातच, उंचावरची शाळा किंवा देवळाचा वा चर्चचा परिसर. दुसरी रेल्वेच्या पूर्वेला, कोणा नातेवाइकाकडे, कारण पश्चिमेचा सगळा पट्टा एकदम पाण्यात येऊ शकतो. घर सोडताना दारावर खडूने किंवा पाटीवर कोळशाने लिहून ठेवावे: किती माणसे निघाली, कुठे गेली, किती वाजता. शोध घेणाऱ्या पथकाचा यात मोठा वेळ वाचतो.

आता विजेकडे. फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची असते. बाजारातली १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक आत ३७ वॉट-तास धरते. रूपांतरात काही वाया जाऊन तिच्यातून फोन सुमारे दीड वेळा भरतो. ती दिवाळीपासून कपाटात पडून असेल तर तेवढाही नाही. ज्या घरी इन्व्हर्टर आहे, तिथे १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-तासांचा साठा असतो. पंखे लावले तर तो रात्रीत संपतो. पंखे बंद ठेवून त्यातला निम्मा जरी फोनसाठी राखला, तरी आळीतले तीस-पस्तीस फोन भरतात. पूरग्रस्त आळीत एकच इन्व्हर्टर असला, तर तो कशासाठी चालवायचा याचा निर्णय त्या घराने एकट्याने घेण्यासारखा नाही. रिक्षा, मोटारसायकल, ट्रॅक्टर यांच्या बॅटरीवरूनही फोन भरता येतो. त्यासाठी लागणारा दोनशे रुपयांच्या आतबाहेरचा चार्जर आधी घेऊन ठेवलेला हवा.

इंटरनेटची फायबर घरात आली असेल तर एक गोष्ट तपासावी. फायबरमधून प्रकाश वाहतो, त्या तारेला वाटेत वीज लागत नाही. सेवा देणाऱ्याच्या केंद्रात वीज असेल आणि घरचा राउटर बॅटरीवर चालवता आला, तर गावात अंधार असूनही वाय-फाय चालू राहू शकते आणि वाय-फायवरून कॉलही होतो. बरेचसे राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटे बॅटरी संच मिळतात. पूर्वीच्या तांब्याच्या तारेच्या दूरध्वनीला एक्स्चेंजमधूनच वीज येई, म्हणून दिवे गेले तरी तो वाजत असे. तो काढून टाकलेल्या घरांनी ही सोय गमावली आहे.

फोन चालू असताना बोलण्यापेक्षा एसएमएस पाठवावा. कॉलसाठी वाहिनी सतत मोकळी लागते. एसएमएसला क्षणभराची फट पुरते, आणि समोरचा फोन बंद असला तरी तो केंद्रात थांबून राहतो. छायाचित्रे आणि ध्वनिसंदेश यांचा मोह टाळावा. एकच छायाचित्र हजारो एसएमएसांची जागा खाते. मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग इंट्रा सर्कल रोमिंग सुरू करायला लावतो. मग एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून बोलू शकतो. फोन आपोआप जोडला गेला नाही, तर सेटिंगमध्ये जाऊन दिसणारे दुसरे नेटवर्क हाताने निवडून पाहावे. पडद्यावर फक्त आपत्कालीन कॉल असे लिहून आले असेल, तरी ११२ लावून पाहावा, तो दुसऱ्याच्या टॉवरवरून जाऊ शकतो. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, राज्याचा १०७०, रुग्णवाहिकेचा १०८ आणि समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४. इथे एक खोच आहे. पुण्याच्या नातेवाइकाने नुसता १०७७ लावला तर तो पुण्याच्या कक्षात जाईल. पालघरसाठी आधी ०२५२५ हा कोड लागतो.

बोलण्याइतकेच महत्त्वाचे आहे ऐकणे, आणि ते जवळजवळ फुकट आहे. सेलवर चालणारा लहान रेडिओ दोन-तीन सेलांवर कित्येक दिवस चालतो. त्याला टॉवर लागत नाही, आणि शेकडो किलोमीटर दूरचे केंद्र चालू असले तरी भागते. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला आहे. ती आपल्या घरात कुठल्या कोपऱ्यात स्वच्छ लागते ते आधीच पाहून तिथे खूण करून ठेवावी. सरकारने २०२३ मध्ये सेल ब्रॉडकास्टच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा फोन अचानक कर्कश वाजले आणि पुष्कळ जण दचकले. ही सूचना एका टॉवरखालच्या सगळ्या फोनवर एकदम पडते, त्यामुळे ती गर्दीत अडकत नाही. वैतागून ती सेटिंगमधून बंद केली असेल, तर पावसाळ्यापूर्वी चालू करावी. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएमचे दामिनी हे ॲप आहे. भात लावणीच्या दिवसांत ते विशेष उपयोगी. किनाऱ्यावर बंदरावरचा बावटा हा सर्वांत जुना आणि आजही चालणारा इशारा. तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे काय, हे कोळीवाड्यातल्या पोराला विचारावे लागत नाही, पण शेजारच्या नव्या इमारतीतल्या भाडेकरूला ते सांगावे लागते.

निरोप कसा लिहायचा, यावर थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक गोंधळ यंत्राने होत नाही, शब्दाने होतो. कळंब हे नावच घ्या. धाराशिव जिल्ह्यात कळंब तालुका आहे, यवतमाळ जिल्ह्यात दुसरा कळंब तालुका आहे, आणि याच नावाची गावे आणखीही आहेत. कळंबमध्ये पाणी शिरले, मदत पाठवा, असा संदेश राज्याच्या कक्षात पोहोचला तर तो कुठल्या टेबलावर जाईल हे नशिबावर राहते. म्हणून प्रत्येक निरोपात गावापुढे नालासोपारा पश्चिम, तालुका वसई, जिल्हा पालघर एवढे जोडावेच. त्यापुढे आळी किंवा वाडीचे नाव आणि जवळची ठळक खूण. आडनावावर विसंबू नये, एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरे असतात.

निरोपाचा क्रम ठरलेला असला की घाबरलेल्या माणसालाही तो सांगता येतो. कोण बोलतो, कुठून, काय झाले, किती माणसे, त्यांत आजारी, गरोदर वा लहान किती, काय हवे, आणि शेवटी वेळ. उदाहरणार्थ: कळंब, नालासोपारा पश्चिम, जिल्हा पालघर, शाळेमागची आळी, घरांत कमरेइतके पाणी, १४ माणसे, त्यांत एक डायलिसिसचा रुग्ण, होडी हवी, सकाळी ६.४०. वेळ न घातलेला निरोप धोकादायक असतो, कारण तो फिरत राहतो. सुटका होऊन गेल्यावरही संध्याकाळी कोणीतरी तो पुढे ढकलतो आणि होडी रिकाम्या घराकडे जाते.

तोंडी निरोपात मराठी आकडे फसवतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, खरखरत्या आवाजात हे सहज उलटतात. म्हणून आकडा सुटा सांगावा: पाच, नऊ. ऐकणाऱ्याने निरोप लिहून घ्यावा आणि पुन्हा वाचून दाखवावा, तोवर सांगणाऱ्याने जागा सोडू नये. पोलिसांच्या आणि रेल्वेच्या बिनतारी खात्यांत ही शिस्त जुनी आहे. घरगुती कामात ती आणायला कोणी मनाई केलेली नाही.

काहीच चालत नसेल तेव्हा माणूस चालतो. माणसाने हाती नेलेली चिठ्ठी हे अजूनही सर्वांत खात्रीचे साधन आहे, फक्त ती लेखी असावी आणि नेणारे दोघे असावेत. कुठे न्यायची हेही ठरलेले हवे. पोलीस ठाण्याकडे स्वतःची बिनतारी यंत्रणा असते. स्टेशन मास्तरकडे रेल्वेचे स्वतंत्र दूरध्वनी असतात. वसईच्या तहसील कार्यालयातून जिल्हा कक्षाशी संपर्क राहतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यात चालताना एका गोष्टीचे भान मात्र लागते. वाड्यांमधली बावखले, म्हणजे पाण्याची तळी, भरली की ती आणि रस्ता एकाच पातळीला येतात. गढूळ पाण्यात काठ दिसत नाही. हातात लांब काठी आणि कमरेला दोर असल्याशिवाय, आणि वाट पाठ असल्याशिवाय, चिठ्ठी नेऊ नये. दुसरे भान भरतीचे. उधाणाच्या भरतीत खाड्या पावसाचे पाणी घेत नाहीत. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तास जातात आणि भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते. ओहोटीचा सुमार साधून निघाले तर तोच रस्ता कित्येकदा पार करता येतो. कॅलेंडरवरची तिथी पाहून भरतीचा अंदाज सांगणारी म्हातारी माणसे गावात असेपर्यंत हा हिशेब त्यांच्याकडून शिकून घ्यावा.

आळीतल्या आळीत घंटा आणि शिट्टी पुरतात. वसईच्या घंटांचा इतिहास मोठा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर इथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या आणि देवळांतून वाजू लागल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही पाहायला मिळतात. घंटा धर्म बदलूनही तेच काम करत राहिली, दूरच्या माणसाला बोलावण्याचे. आज देऊळ, चर्च किंवा मशीद यांनी एक संकेत ठरवून घेतला, उदाहरणार्थ थांबून थांबून तीनदा वाजले तर उंचावर निघा, तर वीज नसतानाही तो पोहोचतो. मात्र एकच अर्थ ठरवावा. चार संकेत ठरवले की ऐन वेळी एकही आठवत नाही.

वॉकीटॉकीकडे लोक फार आशेने पाहतात, म्हणून तिच्या मर्यादा सांगणे आले. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. दोन माणसे सपाट जमिनीवर उभी असतील, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे हिशेबाने दहा किलोमीटरच्या पुढे मजल जात नाही. मध्ये नारळी-केळीच्या वाड्या, सुरूची झाडे आणि काँक्रीट आले की छोट्या संचाचे ते एक-दीड किलोमीटर उरते. तोच संच घेऊन कोणी चार मजली गच्चीवर चढले, तर अंतर कितीतरी वाढते. उंची ही शक्तीपेक्षा स्वस्त असते. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच परवान्याशिवाय वापरता येतात. ऑनलाइन मिळणारे पुष्कळसे संच याबाहेरच्या लहरींवर चालतात आणि त्यांना परवाना लागतो. पोलिसांच्या वा विमानांच्या लहरीत चुकून शिरणारा संच मदतीऐवजी अडथळा होतो. परदेशातून उपग्रह फोन आणणे तर मुळीच नको. थुराया, इरिडियम यांचे फोन परवानगीशिवाय बाळगणे इथे गुन्हा आहे आणि त्यापायी माणसांना अटक झाली आहे.

खरा लांबचा पल्ला हवा असेल तर हॅम, म्हणजे हौशी, रेडिओ. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या भूज भूकंपात हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचवले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओचा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील चमू योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होता. हौसेसाठी उभारलेले त्यांचे केंद्र बेटांचा मुख्य भूमीशी असलेला धागा झाले. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे वीस मीटर लांबीची तार घरावर चार-पाच मीटरवर आडवी बांधली, की लहरी जवळजवळ उभ्या वर जाऊन आकाशातल्या थरावरून खाली परततात आणि दिवसा दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत पोहोचतात. कळंबहून पुणे, नाशिक, रत्नागिरी हे सगळे त्यात येते, मध्ये सह्याद्री असला तरी. मोटारीची एक बॅटरी त्याला पुरते. यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना लागतो. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही ती देता येते. गावातल्या शाळेतून दोन मुले जरी उत्तीर्ण झाली, तरी गावाला एक कायमचे केंद्र मिळते. पूर आल्यावर हे शिकता येत नाही.

समुद्रावर असलेल्यांसाठी गेल्या काही वर्षांत चांगली सोय आली आहे, आणि तिची सुरुवात याच जिल्ह्यातून झाली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या कार्यक्रमात मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ झाला. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत टप्प्याटप्प्याने एक लाख संच बसवायचे आहेत. इस्रोने विकसित केलेला हा संच उपग्रहावरून दोन्ही बाजूंनी छोटे संदेश देतो, त्यामुळे किनाऱ्यावरचे टॉवर पडले तरी होडीला वादळाचा इशारा मिळतो आणि होडीकडून संकटाचा निरोप निघतो. जवळच्या नौकांसाठी व्हीएचएफचा १६ नंबर चॅनल आहेच. किनाऱ्यावरच्या घरच्यांनी मात्र संच होडीवर आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तो चालू आहे का, आणि तांडेलाशिवाय दुसऱ्या कोणाला तो वापरता येतो का, हे विचारावे.

अफवांबद्दल थोडक्यात. धरण फुटले, मोठी लाट येते आहे, अशा बातम्या जाळे अर्धवट चालू असतानाच सर्वांत वेगाने पसरतात, कारण तेव्हा पडताळून पाहायची सोय नसते. वेळ, ठिकाण आणि सांगणाऱ्याचे नाव नसलेला निरोप पुढे देऊ नये. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार खोटा इशारा पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

ही सगळी जुळवाजुळव मे महिन्याच्या एका रविवारी होते. पॉवर बँका भराव्यात, रेडिओतले जुने सेल गळले नाहीत ना पाहावे, बाहेरगावच्या माणसाचा क्रमांक बदलला का विचारावे, आणि त्या दिवशी दोन तास घरातले सगळे फोन बंद ठेवून ठरलेल्या पद्धतीने एक निरोप आळीच्या या टोकापासून त्या टोकाला न्यावा. त्या टोकाला काय पोहोचले ते कागदावर लिहून मूळ निरोपाशी ताडून पाहावे. आपत्ती ओसरल्यावर एक काम उरते: बाहेरगावच्या माणसाला सगळे सुखरूप परतल्याचा शेवटचा निरोप वेळेसह पाठवणे, म्हणजे तो आपली वही मिटू शकेल.